भाऊ स्की आणतोय, पण बूट कुठे आहेत?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: कोल्हापूरहून एका वाचक भगिनीनं लिहिलंय. वय ३१, उंची १६० सेंटिमीटर, वजन ५६ किलो. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत क्वालिटी विभागात नोकरी. सह्याद्रीत लहानपणापासून भटकंती, पन्हाळा-पावनखिंड तर दर पावसाळ्यात ठरलेली. गुलमर्गला बेसिक आणि मग इंटरमिजिएट कोर्स केला, गेल्या फेब्रुवारीत उत्तराखंडातल्या औलीलाही जाऊन आल्या. भाड्याच्या स्कीला त्या कंटाळल्यात. ‘वळण घेताना स्की माझं ऐकतच नाही. पुढे वाकले की टाच बुटात वर उचलली जाते, संध्याकाळपर्यंत नडग्या सोलवटलेल्या असतात,’ असं त्या लिहितात. दिवाळीचा बोनस बाजूला ठेवलाय. म्युनिकला राहणारा मावसभाऊ डिसेंबरमध्ये घरच्या लग्नाला येतोय, ‘सांग कुठली हवी, येताना घेऊन येतो’ म्हणतोय. त्यांना गुलमर्गची पावडर म्हणजे ताजा भुसभुशीत बर्फ, औलीचा कडक उतार, मार्चमधला ओला बर्फ आणि पुढेमागे आल्प्स, या सगळ्यावर चालेल अशी एकच जोडी हवी. ‘एकदाच घ्यायची, परत बघायला नको.’ व्हिडिओ पाहून १०८ मिलिमीटर रुंदीची एक स्की त्यांनी जवळजवळ पक्की केलीय. लेडीज मॉडेल घ्यावं की साधं, हाही प्रश्न आहे. घरी आई म्हणतात, ‘वर्षातले आठ-दहा दिवस, त्यासाठी एवढे पैसे?’ पुढच्या हिवाळ्यात भावानं म्युनिकला बोलावलंय आणि जायचं जवळजवळ ठरलंय.

उत्तर:

आधी तुमच्या आईंचं बघू. त्यांचा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही, पण दिवस कमी म्हणून हौस खोटी ठरत नाही. पावनखिंडही वर्षातून दोनच दिवसांची असते आणि त्यासाठी आपल्याकडची माणसं महिनाभर आधीपासून जोतिबाच्या पायऱ्या चढतात. तेव्हा स्वतःच्या स्की घ्याव्यात का, याला माझं उत्तर ‘जरूर घ्या’ असंच आहे. पण डिसेंबरमध्ये, भावाच्या हातून आणि बुटांच्या आधी घेऊ नका. असं का म्हणते, ते नीट सांगते.

तुम्ही लिहिलंय की स्की तुमचं ऐकत नाही. त्याच्याच पुढच्या वाक्यात त्याचं कारणही तुम्हीच लिहिलंय, फक्त त्याच्याकडे तुमचं लक्ष गेलेलं नाही. टाच बुटात उचलली जाते, नडग्या सोलवटतात. टाच उचलली जाते म्हणजे पाय आणि बूट यांच्यात मोकळी जागा आहे. वळण घेताना तुम्ही गुडघा पुढे आणि आत नेता, तेव्हा आधी ती जागा भरते, मग बूट हलतो, मग बूट स्कीला धरून ठेवणारा खटका म्हणजे बाइंडिंग आणि मग कुठे स्कीला निरोप पोहोचतो. तेवढ्या वेळात स्की सरळ दोन-तीन मीटर पुढे गेलेली असते. अशा बुटाखाली जर्मनीतली सगळ्यात महागडी स्की लावली तरी तिलाही निरोप उशिराच पोहोचणार. तुम्ही स्कीवर जो राग धरलाय त्यातला बराचसा बुटांच्या वाट्याचा आहे.

भाड्याचे बूट असे का असतात? रोज वेगळा पाय आत जातो, आतलं मऊ अस्तर म्हणजे लायनर दबून सपाट होतो, आणि आपल्याकडे बूट देताना ‘मोजे दोन घाला, बोटं मोकळी राहू देत’ म्हणून एक-दोन नंबर मोठाच दिला जातो. थंडीच्या भीतीनं आपणही तो आनंदानं घेतो. खरं तर दोन मोज्यांनी पाय जास्त गार पडतो, कारण त्यांच्या घड्या पडून रक्त अडतं. एकच पातळ, लोकरीचा, पोटरीपर्यंत येणारा मोजा पुरतो.

बूट कसा पाहायचा ते सविस्तर लिहिते, कारण हे गुलमर्गच्या भाड्याच्या दुकानातही उपयोगी पडेल. स्की बुटाचा नंबर म्हणजे पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये. घरी भिंतीला टाच लावून कागदावर उभ्या राहा, अंगठ्यापाशी खूण करा, मोजा. समजा २३.८ आलं, तर तुमचा नंबर साधारण २४. बहुतेक कंपन्यांचं बाहेरचं प्लास्टिक कवच २४ आणि २४.५ ला एकच असतं, त्यामुळे अर्ध्या नंबरावर वाद घालू नका. मग लायनर बाहेर काढून नुसत्या कवचात पाय घाला, बोटं पुढे टेकवा आणि टाचेमागे किती जागा राहते ते बोटानं पाहा. दीडएक बोट राहिली तर माप बरोबर. दोन बोटांहून जास्त राहिली तर तो बूट परत द्या, दुकानदार कितीही सांगू दे. लायनर घालून सरळ उभं राहिल्यावर बोटांची टोकं पुढे हलकी लागली पाहिजेत आणि गुडघे वाकवले की मागे सरकली पाहिजेत. टाच जागची हलता कामा नये. नव्या कोल्हापुरी चपलेसारखंच हे आहे, पहिले दिवस ती आवळते आणि मग पायाची होते. फरक इतकाच की चपलेचं सगळं कातडं सैल पडतं, इथे फक्त लायनर दबतो आणि कवच तसंच राहतं. म्हणून कवचाच्या मापात तडजोड चालत नाही.

कडकपणाचा आकडा बुटावर लिहिलेला असतो, त्याला फ्लेक्स म्हणतात. तुमच्या वजनाला आणि तयारीला ८० ते ९० पुरे. १२० चा बूट ‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणून घेतलात तर तो तुमच्यानं वाकणार नाही, तुम्ही मागे बसाल आणि मागे बसून कुठलीच स्की वळत नाही. पंजाची रुंदी कवचाच्या मापात ९८ पासून १०४ मिलिमीटरपर्यंत मिळते. तुमचा पाय रुंद की अरुंद हे बूट पायात घालून वीस मिनिटं उभं राहिल्याशिवाय कळत नाही. आणि इथेच भावाची मदत संपते. तो तुमच्यासाठी स्की आणू शकेल, बूट नाही आणू शकणार. पाय दुकानात न्यावा लागतो.

आता तुम्ही म्हणाल, ठीक आहे, बूट नंतर, स्की तरी आणू दे. त्यातही एक अडचण आहे. स्कीवर बाइंडिंग बसवायचं तर बुटाच्या तळाची लांबी मिलिमीटरमध्ये लागते. ती बुटाच्या टाचेपाशी कडेला कोरलेली असते, २७५, २८५ अशी काहीतरी. एकाच नंबरच्या दोन कंपन्यांच्या बुटांत ती वेगळी असते. शिवाय तळाचे प्रकारही वेगळे आहेत: जुना सपाट अल्पाइन तळ, चालायला सोपा रबरी ग्रिपवॉक, आणि बर्फात चढून जाणाऱ्यांचा टूरिंग तळ. प्रत्येक बाइंडिंगला प्रत्येक तळ चालत नाही. वरवर बसल्यासारखा वाटतो, पण पडल्यावर सुटायचा तेव्हा सुटत नाही आणि गुडघ्याचं जे व्हायचं ते होतं. हीच गोष्ट उलट बाजूनंही लक्षात ठेवा: उद्या स्वतःचे बूट घेऊन गुलमर्गला भाड्याची स्की घेतलीत आणि तिचं बाइंडिंग जुनं असेल, तर ग्रिपवॉक तळ त्यात घालू नका. पुष्कळ बुटांचे तळ स्क्रूनं बदलता येतात, सपाट तळाची जोडी बुटांबरोबरच मागून घ्या.

म्हणजे क्रम असा लागतो: बूट, मग बाइंडिंगचं माप, मग स्की. तुमच्या यादीत तो बरोबर उलटा आहे.

आता १०८ बद्दल. ही निवड तुम्ही का केलीत ते मला कळतं. गुलमर्गच्या वरच्या अफरवट डोंगराच्या उतारावर मांडीभर पावडरमध्ये तरंगत येणारी माणसं पाहिली की कुणालाही तेच हवंसं वाटेल. पण तुमच्या पत्रातून मी तुमचे प्रत्यक्ष दिवस वेगळे काढले. कोर्सचे बहुतेक दिवस पायथ्याच्या उतारावर गेले. सकाळी रात्रभर गोठलेला कडक बर्फ, दुपारी उन्हानं मऊ पडलेला, संध्याकाळी शेकडो लोकांनी उकरलेला. औलीचा उतार मशीन फिरवून सपाट केलेला, सकाळी काचेसारखा. पावडरचे म्हणावेत असे गाइडबरोबरचे दोन दिवस. म्हणजे तुम्ही राहता कडक बर्फावर आणि स्की निवडताय पावडरसाठी.

स्कीच्या कंबरेची, म्हणजे बुटाखालच्या भागाची रुंदी काय करते ते तुम्हाला समजावणं सोपं आहे, कारण मोमेंट आर्म, म्हणजे आसापासून जोर लागतो तिथपर्यंतचं अंतर, तुम्हाला ठाऊक आहे. कडक बर्फावर वळताना सगळा भार एका पोलादी कडेवर येतो. १०८ च्या स्कीत ती कडा बुटाच्या मध्यरेषेपासून ५४ मिलिमीटरवर असते, ८८ च्या स्कीत ४४ वर. हे १० मिलिमीटर जास्त म्हणजे स्की कडेवर उभी करायला आणि तिथेच धरून ठेवायला घोट्याला आणि गुडघ्याला तेवढा जास्त पीळ. एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जायलाही वेळ लागतो. दिवसभर सरावाचा उतार असेल तर हा पीळ शेकडो वळणांत साठत जातो. पावडरमध्ये गणित उलटं होतं. तिथे कडेला धरायला काही नसतं, स्की तळाच्या क्षेत्रफळावर तरंगते, म्हणून रुंद ती बरी. पण तुमचं वजन ५६ किलो आहे. ८० किलोच्या माणसाला जे तरंगणं १०८ देते ते तुम्हाला त्याहून बरीच अरुंद स्की देईल. व्हिडिओतला तो गडी तुमच्या वजनाचा नव्हता, हे लक्षात घ्या.

गुलमर्गचे गाइड १०५-११५ वर फिरतात, ते चूक करत नाहीत. ते हंगामभर फेज टूच्या, म्हणजे गोंडोला या रोपवेच्या दुसऱ्या टप्प्याच्या, वर असतात. ताजा बर्फ पडला की पहिल्या गोंडोलात ते असतात आणि नाही पडला तर दुसऱ्या जोडीवर असतात. तुम्ही मात्र रजा दोन महिने आधी टाकता, जे मिळेल ते घेता. आणि काय मिळेल याची खात्री आता गुलमर्गलाही राहिलेली नाही. जानेवारी २०२४ मध्ये तिथली कुरणं कोरडी पडली होती. २०२५ मध्ये खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीत व्हायच्या होत्या, बर्फ अपुरा म्हणून त्या मार्चवर गेल्या. असल्या हंगामात १०८ ची स्की घेऊन पायथ्याच्या कडक पट्ट्यावर आठ दिवस काढणं म्हणजे शिक्षा आहे.

म्हणून तुमच्यासाठी मी ८८ ते ९४ च्या मधली कंबर सुचवते. त्यातही औलीसारखे दिवस जास्त असतील तर ८८ कडे झुका. ही स्की पावडरच्या दिवशीही तुम्हाला बुडवणार नाही, फक्त जास्त राबवेल. आणि खरोखर मोठा बर्फ पडला, गाइड बरोबर आहे, तर त्या दिवसापुरती रुंद स्की गुलमर्गलाच भाड्यानं घ्या. रोजची स्वतःची, क्वचितची भाड्याची. बहुतेक लोक नेमकं याच्या उलट करतात.

‘सगळ्यावर चालणारी’ स्की असते का? असते, पण ती कशातच अव्वल नसते, आणि कुठे कमी पडलेली आपल्याला चालेल हे आपण ठरवायचं असतं. ऑल-माउंटन म्हणून विकल्या जाणाऱ्या स्की साधारण ८० पासून १०० च्या थोड्या पुढेपर्यंत पसरलेल्या आहेत. त्यांची दोन टोकं एकमेकींपेक्षा इतकी वेगळी की ‘ऑल-माउंटन कुठली?’ या प्रश्नातून काही हाती लागत नाही. ‘माझ्या दहातल्या सात दिवसांना कुठली?’ असं विचारलं तर लागतं.

आता घडण. दोन स्कींचे तळ एकमेकांना लावून धरा. मध्ये, बुटाच्या जागी, फट दिसेल. ती कॅम्बर. हातानं दाबलीत की ती मिटते. उभं राहिल्यावर तुमच्या वजनानं तेच होतं आणि कडा लांबवर बर्फाला टेकतात. पुढच्या टोकाकडे मात्र दोन्ही स्की बऱ्याच आधीपासून फाकलेल्या दिसतील. तो रॉकर. मऊ, ओल्या, उकरलेल्या बर्फात टोक खुपसलं जात नाही ते त्यामुळे. तुम्हाला पुढे मध्यम रॉकर, मध्ये कॅम्बर आणि मागे थोडासा उचललेला शेवट हवा. सगळीच स्की केळीसारखी वाकलेली असेल तर ती कडक बर्फावर तुम्हाला फिरवत बसेल.

आतला गाभा लाकडाचा घ्या, फोमचा नको. धातूबद्दल जास्त विचार करा. पुष्कळ चांगल्या स्कींमध्ये टायटॅनल म्हणजे ॲल्युमिनियमच्या एका मजबूत मिश्रधातूचा पत्रा असतो. तो थरथर मारतो, वेगात स्की स्थिर ठेवतो. नॉर्डिकाच्या एनफोर्सरमध्ये असे दोन पत्रे असतात आणि ९० किलोचा तरबेज माणूस तिच्यावर खूश असतो. तुमच्या वजनाला आणि वेगाला ती वाकणार नाही. न वाकलेली स्की वळत नाही, सरळ जाते. म्हणून धातू नसलेली किंवा थोडाच असलेली स्की तुमच्यासाठी योग्य.

इथून लेडीज मॉडेलचा प्रश्नही सुटतो. ही मॉडेलं बहुतेक हलकी, जरा मऊ, कमी लांबीत मिळणारी असतात, आणि काहींत बाइंडिंगची जागा थोडी पुढे असते. ५६ किलोच्या माणसाला जे हवं ते इथे तयार मिळतं, म्हणून बघा. ५६ किलोच्या पुरुषानंही इकडे बघायला हरकत नाही, आणि ७५ किलोच्या जोरकस स्कीयर बाईनं तिकडे. ब्लिझार्डची ब्लॅक पर्ल ८८, नॉर्डिकाची सांता ॲना, एलानच्या रिपस्टिकची बायकांसाठीची आवृत्ती, ही नावं ट्रायलला ध्यानात ठेवा. रिपस्टिकमध्ये डावी आणि उजवी स्की वेगळी असते, आतली कडा धरणारी आणि बाहेरची सोडणारी. काहींना ते फार आवडतं. मी यातलं एकही डोळे झाकून घ्या असं म्हणणार नाही, कारण पायाखाली आल्याशिवाय आवडनिवड कळत नाही.

लांबी १५५ ते १६२ च्या मधली बघा. हनुवटीपासून डोक्यापर्यंत असं ढोबळ माप सांगतात, त्यातलं हे साधारण डोक्याइतकं झालं. रॉकर जास्त असेल तर वरच्या टोकाकडे जा, कारण तिची बर्फाला टेकणारी लांबी दिसते त्यापेक्षा कमी असते. वळणाची त्रिज्या स्कीवरच छापलेली असते, १४-१५ मीटरच्या आसपास असू द्या.

आता डिसेंबरचं काय करायचं. तुमच्यासमोर तीन वाटा आहेत असं मला दिसतं. पहिली, भावाला मापं सांगून आत्ताच आणायला लावायच्या. दुसरी, इथेच मनाली-दिल्ली-गुलमर्गकडे जे मिळेल त्यातून बूट-स्की जुळवायच्या. तिसरी, हा हंगाम भाड्यावर काढायचा आणि पुढच्या हिवाळ्यात म्युनिकला जाल तेव्हा स्वतःच्या पायानं निवडायच्या. मी तिसरीच्या बाजूची आहे, अगदी ठाम. म्युनिकहून गार्मिश जेमतेम दीड तासावर. तिथल्या मोठ्या स्की-गावांत टेस्ट स्की भाड्यानं मिळतात, सकाळी ८८, दुपारी ९४ अशी बदलून चालवता येते, आणि विकत घेतलीत तर अनेक दुकानं ते भाडं किमतीतून वळतं करतात. बूट बसवून देणारा माणूस तिथे दुकानातच असतो. जिथे टोचतं तिथे तो कवच गरम करून फुगवून देतो, आणि तीच मंडळी बाइंडिंगही तुमच्या वजन-उंची-वय-तयारीप्रमाणे लावून देतात. एक वर्ष थांबल्यानं तुमचं काही बिघडत नाही, उलट तुम्ही वर्षभरानं सुधारलेल्या पायांनी निवड कराल.

म्युनिकचं काही कारणानं फिसकटलं, तर दुसरी वाट थोडी बदलून धरा: आधी बूट, जिथे पायात घालून बघता येतील तिथून, आणि स्की त्यानंतर भावाकडून. आणि भाऊ ऐकतच नसेल, आणणारच म्हणत असेल, तर निदान रुळावर सरकणारं बाइंडिंग असलेली स्की आणायला सांगा. भोकं पाडून पक्कं केलेलं बाइंडिंग नव्या बुटाला जुळलं नाही तर स्की पुन्हा भोकावी लागते. सरकणारं असेल तर इथला जाणकार ते तुमच्या बुटाला लावून देईल. ब्रेकची रुंदीही जुळली पाहिजे, ८८ च्या स्कीला ९० चा ब्रेक.

प्रवासाचंही आत्ताच मनाशी धरा. स्की, बाइंडिंग आणि बूट मिळून दहा किलोच्या आसपास जातात, आणि देशातल्या बहुतेक विमानांत साधं चेक-इन सामान १५ किलोच. उजळाईवाडीहून छोटं विमान धरणार असाल तर पावणेदोन मीटरची बॅग चालेल का हे तिकिटाआधी विचारा. निजामुद्दीनच्या गाडीनं दिल्लीपर्यंत जाणं हा बॅगेच्या दृष्टीनं निवांत पर्याय आहे. श्रीनगरहून टंगमर्ग आणि पुढे साखळ्या लावलेली गाडी, हे तुम्हाला माहीतच आहे.

या हंगामात भाड्याची स्की घेताना नखाची परीक्षा करा. अंगठ्याच्या नखाचा पृष्ठभाग कडेवरून हलका ओढा, नखाची पांढरी पूड निघाली तर कडेला धार आहे. नुसती घसरली तर दुसरी जोडी मागा किंवा धार लावून मागा. पूर्ण लांबीवर तीन-चार ठिकाणी बघा, टोकाला धार आणि बुटाखाली बोथट असं फार असतं. तळ उलटा करून बघा, खरवड चालेल, पण आतलं लाकूड दिसत असेल तर नको. कंबरेचा आकडा पुसला गेला असेल तर व्हर्नियर घेऊन जा, तुमच्या पर्समध्ये असतोच म्हणा! वजन खरं सांगा, कारण बाइंडिंग किती जोरानं सुटावं ते त्यावर ठरतं. रोज वेगळी रुंदी मागा आणि संध्याकाळी वहीत लिहा: बर्फ कसा होता, स्की किती रुंद, किती लांब, कुठे धरली, कुठे सुटली. ती वही म्युनिकच्या दुकानदाराला कुठल्याही व्हिडिओपेक्षा जास्त सांगेल.

तुमच्यासारखीच पत्रं पुण्या-सांगलीहूनही येतात, म्हणून थोडं इतरांसाठी. एकच कोर्स झालेल्यांनी स्की घेऊ नयेत, बूट घ्यावेत. ८० किलोच्या वरचे आणि पॅरलल, म्हणजे दोन्ही स्की समांतर ठेवून घ्यायची, वळणं पक्की झालेले असाल तर ९४ ते १००, थोड्या धातूसह, १७५-१८० च्या आसपास लांबी बघा. वाढत्या वयाच्या मुलांना काहीही विकत घेऊ नका. ज्यांना लिफ्टशिवाय स्वतः चढून जायचंय त्यांची स्की, बाइंडिंग आणि बूट सगळंच वेगळं, त्यांनी हे उत्तर धरून चालू नये.

एक गोष्ट तुम्हाला बजावून सांगते. रुंद स्की घेतली की फेज टूच्या वर जायचा मोह वाढतो. गोंडोलाचं वरचं स्थानक चार हजार मीटरला थोडंसंच कमी आहे आणि गस्तीच्या हद्दीबाहेरचा सगळा डोंगर जसा निसर्गानं ठेवला तसा असतो. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटच्या हापटखुड भागात हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीयर गेले. बर्फाखाली गाडलेल्या माणसाचा ठाव देणारा ट्रान्सीव्हर, बर्फात खुपसून शोधायची लांब काठी म्हणजे प्रोब, फावडं आणि ते वापरायचं प्रशिक्षण हे स्कीच्या आधी येतं. बोनसमधून पैसे उरले तर आणखी आठवडाभराच्या प्रशिक्षकावर घाला. रुंद स्की शिकवत नाही, माणूस शिकवतो.

पुढे स्की घरी आल्यावर त्यांचा वैरी म्हणजे आपला पावसाळा. कडा पोलादाच्या असतात आणि जून ते सप्टेंबर कोल्हापूरची हवा काय असते ते सांगायला नको. मार्चमध्ये परत आलात की कडा कोरड्या करून तळावर आणि कडांवरही मेणाचा जाड थर द्या आणि पुढच्या हंगामापर्यंत खरवडू नका. कपड्यांची इस्त्री यासाठी वापरू नका, तिचं तापमान वरखाली होतं आणि तळ जळतो. जमिनीला किंवा बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका.

भाऊ विचारेल, ‘मग मी काय आणू?’ त्याला रिकाम्या हातानं येऊ देऊ नका. पातळ लोकरी स्की मोज्यांच्या दोन जोड्या आणायला सांगा, आणि बूट बघायला जाल तेव्हा त्यातलीच एक घालून जा. गुलमर्गला ढग उतरले की खड्डा-उंचवटा काही दिसत नाही, त्यासाठी एस-वन, म्हणजे कमी उजेडासाठीच्या, काचेचा गॉगल. एक बारीक डायमंड स्टोन आणि कडेचा कोन धरणारं छोटं गाइड, म्हणजे भाड्याच्या स्कीची कडाही रात्री खोलीवर बसून तुम्हीच घासून ठेवाल. तुमचा हात त्या कामाला बसलेलाच आहे. आणि हे सगळं त्याच्या हातातल्या बॅगेत मावतं.